लाल ठिपका नेमकं काय सांगतो? उत्तरेकडच्या जंगलांतले वणवे आणि उपग्रह

प्रश्न थोडक्यात असा: "आमचा मुलगा कॅनडात येलोनाइफला असतो. ऑगस्ट २०२३मध्ये ते शहर रिकामं करायला लावलं, तेव्हा आम्ही दोघं साताऱ्यात बसून नासाच्या नकाशावरचे लाल ठिपके मोजत होतो. एके दिवशी ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. आम्हाला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर दुप्पट! ह्या उपग्रहांवर भरवसा ठेवायचा तरी किती? एवढे उपग्रह वर फिरताना आग लागल्या लागल्या का कळत नाही? आणि बर्फ पडला की सगळं विझतं ना?"

उपग्रहचित्रांवरून वणवे शोधण्याचं काम मी अठरा वर्षं करतोय. सुरुवात नागपुरात झाली, गेली अकरा वर्षं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात आहे. तुम्ही विचारताय त्या आठवड्यात मीही पडद्यासमोरच बसलो होतो. फरक एवढाच, की ठिपक्यांच्या नकाशाशेजारी माझ्याकडे आणखी तीन खिडक्या उघड्या होत्या. त्यांत काय दिसत होतं ते सांगतो.

आधी तुमची खिडकी, म्हणजे नासाचा 'फर्म्स' नकाशा. तिथला एक ठिपका म्हणजे एक आग, असं सगळेच धरून चालतात. तो असतो एक पिक्सेल. उपग्रहावरचा 'व्हिअर्स' नावाचा संवेदक खालच्या जमिनीचे ३७५ मीटर लांबरुंद चौकोन पाडून बघतो. एक चौकोन चौदा हेक्टरांचा, आपल्या भाषेत पस्तीस एकरांचा. त्या पस्तीस एकरांत कुठेतरी काहीतरी फार तापलंय, एवढंच त्याला कळतं. नकाशा मात्र ठिपका काढतो तो चौकोनाच्या बरोबर मध्यावर; प्रत्यक्षात आग ह्या बांधाला असेल नाहीतर त्या बांधाला. शिवाय हा आकार चौकोन उपग्रहाच्या थेट पायाखाली असतानाचा. एका फेरीत उपग्रह जमिनीचा जो रुंद पट्टा बघतो त्याच्या कडेला तो तिरपा बघतो, तिथे तोच चौकोन जवळपास दुप्पट लांबरुंद होतो. जुन्या 'मोडिस' संवेदकाचा चौकोन मुळात एक किलोमीटरचा, आणि कडेला तो दोन बाय जवळजवळ पाच किलोमीटरपर्यंत ताणला जातो. त्यामुळे तीच आग एका उपग्रहातून चाळीस ठिपक्यांची दिसते आणि तासाभराने दुसऱ्यातून पंधरा ठिपक्यांची. ठिपके मोजून आग वाढली की घटली हे ठरवणं म्हणजे दोन दुकानांतल्या वेगवेगळ्या मापांनी धान्य मोजून भाव काढणं.

पण पस्तीस एकरांच्या चौकोनात छोटीशी आग मुळात दिसते कशी? ह्या विषयातली मला आजही सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो. कुठलीही वस्तू तापली की ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चमकते, आणि किती तापली त्यावर कोणत्या तरंगलांबीला जास्त चमकणार ते ठरतं. उन्हाळ्यातली २७ अंशांची जमीन सर्वांत जास्त चमकते ती दहा मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सातशे अंशांच्या पुढची ज्वाला चमकते तीन मायक्रॉनच्या आसपास. आता संवेदकाला दोन डोळे द्या: एक चार मायक्रॉनवर बघणारा, दुसरा अकरावर. अकराच्या डोळ्याला ज्वाला तेवढ्याच जमिनीपेक्षा जेमतेम तीस पट तेजस्वी दिसते. चारच्या डोळ्याला साडेचार हजार पट.

हिशेब मांडून बघा. एक किलोमीटरच्या चौकोनात फक्त हजारावा भाग पेटलाय, म्हणजे सुमारे दहा गुंठे. अकराच्या डोळ्याला तो सबंध चौकोन २९ अंशांचा भासेल, म्हणजे नेहमीपेक्षा फक्त दोन अंश जास्त. चारच्या डोळ्याला तोच चौकोन ७७ अंशांचा भासेल. दोघांच्या साक्षीत ४८ अंशांची तफावत! संगणक ही तफावत आणि आजूबाजूच्या चौकोनांशी असलेला फरक बघतो आणि ठिपका टाकतो. म्हणूनच २४७ एकरांतल्या दहा गुंठ्यांच्या ज्वाळा सातशे किलोमीटर उंचीवरून सापडतात.

ठिपक्यावर क्लिक केलंत तर बारीक अक्षरांत आणखी माहिती उघडते. वेळ असते, पण जागतिक वेळेत. येलोनाइफचं घड्याळ उन्हाळ्यात तिच्या सहा तास मागे असतं. खात्रीची पातळी असते: लो, नॉमिनल, हाय. व्हिअर्सच्या बाबतीत 'हाय'चा अर्थ बहुतेकदा एवढाच, की तो चौकोन संवेदक मोजू शकतो त्या मर्यादेपर्यंत तापलेला दिसला. 'लो' ठिपके बहुधा दिवसाचे असतात, आणि पाण्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाचा संशय त्यांत धरलेला असतो. येलोनाइफच्या भोवती तर जमिनीपेक्षा तळीच जास्त वाटावीत अशी स्थिती आहे. कललेलं ऊन तळ्यावरून थेट संवेदकाच्या डोळ्यात शिरलं की चार मायक्रॉनचा डोळा फसतो. आणखी एक रकाना असतो 'एफआरपी'चा, म्हणजे आग दर सेकंदाला किती ऊर्जा प्रारित करते त्याचा मेगावॅटमधला आकडा. माझी नजर आधी तिकडे जाते. पाच मेगावॅटचे पन्नास ठिपके असतील तर चहा संपवून बघतो. तीनशे मेगावॅटचे दहा ठिपके ओळीने दिसले तर चहा तसाच राहतो.

दुसरी खिडकी ढगांची. नासाच्याच 'वर्ल्डव्ह्यू' संकेतस्थळावर त्याच फेरीतलं साधं रंगीत चित्र मिळतं, आणि ठिपके नाहीसे होतात तेव्हा मी प्रथम तिथे जातो. तुमच्या त्या सुटकेच्या दिवशीही बहुधा वर ढग होते. अनेकांना वाटतं, धुरामुळे आग लपते. साध्या धुराचे कण मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि चार मायक्रॉनचा प्रकाश त्यांच्यातून बऱ्यापैकी निघून जातो. ढगाचे थेंब दहा मायक्रॉनच्या घरातले, ते त्याला अडवतात. मोठ्या वणव्यावर तर आगच स्वतःचा ढग तयार करते. गरम हवा वर उसळते, गडगडाटी ढग बनतो, त्यातून विजाही पडतात. म्हणजे आग सर्वांत भयंकर असते त्याच घटकेला स्वतःवर छत्री धरून बसते. नकाशावर त्या तासाला ठिपके कमी दिसतात. तेव्हा ठिपका नसेल तर आधी विचारायचं, त्या वेळी उपग्रहाला तिथली जमीन दिसत होती का?

ठिपका नसण्याचं दुसरं कारण ह्या जंगलाच्या पोटात आहे. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरिया अशा उत्तरेकडच्या पट्ट्यात पसरलेलं हे बोरियल जंगल, रशियनांचा तैगा. विदर्भातला वणवा पालापाचोळ्याचा असतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो, गुडघाभर ज्वाळा सरसर जातात आणि काही तासांत संपतात. झाड बहुधा जगतं. कॅनडातला काळा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष वेगळा. त्याच्या राळेने भरलेल्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात, आग शिडी चढावी तशी शेंड्याला जाते आणि मग शेंड्याशेंड्यांवरून धावते. सायबेरियातल्या लार्चच्या जंगलांत आग बरीचशी जमिनीलगत चालते, त्यामुळे तिथले ठिपके एकंदरीत कमी प्रखर. पण दोन्हीकडे पायाखाली शेवाळ, अर्धवट कुजलेला पाला आणि पीट (दलदलीत न कुजता साठलेल्या वनस्पतींची माती) यांचा जाड थर असतो. थंडीमुळे काही धड कुजतच नाही, साठत राहतं. ज्वाळा पुढे गेल्या की हा थर ज्वाळेविना, राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसतो. त्याचं तापमान कमी, वरून शेवाळाचं पांघरूण. उपग्रहाला चौकोन थंड वाटतो आणि जमीन आतून जळत असते.

तिसरी खिडकी घड्याळाची. व्हिअर्स आज तीन उपग्रहांवर आहे: २०११चा सुओमी एनपीपी, २०१७चा नोआ-२० आणि २०२२चा नोआ-२१. हे ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात आणि ध्रुवांकडे त्यांच्या वाटा एकमेकींजवळ येतात. त्यामुळे साताऱ्यावरून जो उपग्रह दिवसातून दोनदा जातो तो येलोनाइफच्या अक्षांशावर साधारण चारदा बघतो. तिघे मिळून डझनभर फेऱ्या झाल्या. ऐकायला छान वाटतं. गोम अशी, की तिघांच्या कक्षा विषुववृत्त दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला ओलांडण्यासाठी बेतलेल्या आहेत. डझनभर फेऱ्या भरदुपारी आणि उत्तररात्री अशा दोन घोळक्यांत पडतात, मधले तास कोरडे जातात. आणि उत्तरेकडची आग सर्वांत जोमाने पेटते ती दुपारी चार ते सातच्या दरम्यान, जेव्हा हवा सर्वांत कोरडी असते आणि सूर्य मावळायला अजून कितीतरी तास असतात. वणव्याचा भर आणि आमची नजर यांची चुकामूक ही अशी रोजची आहे. (हा प्रकार आपल्याकडेही आहे. पंजाबात भाताचे खुंट जाळण्याची वेळ दुपारनंतर सरकली तसे नकाशावरचे ठिपके घटले, धूर काही तेवढा घटला नाही.)

मग भूस्थिर उपग्रह का नाहीत, जे एकाच जागी थांबून दर दहा मिनिटांनी चित्र घेतात? आहेत, आणि माझी चौथी खिडकी अमेरिकेच्या 'गोज' उपग्रहाचीच असते. पण तो विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर थांबलेला, आणि येलोनाइफ ६२ अंश उत्तरेला. गच्चीच्या कठड्यावरून दूरच्या अंगणात काढलेली रांगोळी बघावी तसं दिसतं त्याला. दोन किलोमीटरचा त्याचा चौकोन तिथे उत्तर-दक्षिण कित्येक किलोमीटर ताणला जातो. आगीची जागा त्यातून मिळत नाही, पण चाल मिळते: कधी भडकली, कधी मंदावली, ढगाचा खांब कधी उभा राहिला. दोन ध्रुवीय फेऱ्यांमधल्या अंधारात ही खिडकी कामाची. उत्तरेकडची ही भेग भरून काढायला कॅनडा 'वाइल्डफायरसॅट' नावाचे खास वणव्यांसाठीचे उपग्रह तयार करत आहे. ते २०२९मध्ये सोडायचा बेत आहे आणि त्यांची फेरी मुद्दाम दुपार उलटल्यानंतरची ठेवली आहे. खाजगी बाजूला 'फायरसॅट' प्रकल्पाचा पहिला उपग्रह मार्च २०२५मध्ये वर गेला. पाच मीटर लांबरुंद आगीपर्यंत पोचायचा त्यांचा दावा आहे. मी दाव्यांवर विश्वास ठेवायला दोन हंगाम घेतो.

आता "आग लागल्या लागल्या का कळत नाही" ह्याबद्दल. माहिती यायला वेळ लागतो हे खरं, पण ते कारण आता दुय्यम झालंय. फर्म्सवर जगभरची माहिती तीन तासांच्या आत येते आणि उत्तर अमेरिकेत जमिनीवरच्या ग्रहण केंद्रांमुळे बरीचशी काही मिनिटांत. खरी अडचण आगीच्या जन्मात आहे. कॅनडात जळणाऱ्या क्षेत्रापैकी फार मोठा वाटा विजेमुळे लागलेल्या आगींचा असतो. वीज झाडावर पडते, मुळाशी शेवाळात ठिणगी जाते आणि तिथे ती कधी दोन-चार दिवस, कधी आठवडाभर गुपचूप धुमसते. मग एक कोरडी वाऱ्याची दुपार येते आणि ती उठते. उपग्रहाला ती दिसते तेव्हा तिचं वय आठवड्याचं असू शकतं. विजा मोजणारं उपकरण गोज उपग्रहावर आहे, पण त्याची नजर सुमारे ५४ अंश उत्तरेपर्यंतच पोचते. त्यापलीकडे जमिनीवरच्या वीजशोधक जाळ्यावर भिस्त. गावाजवळच्या आगी तर माणसांनाच आधी दिसतात. अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरी शहराजवळची प्रसिद्ध आग १ मे २०१६ला प्रथम पाहिली ती गस्तीवरच्या हेलिकॉप्टरमधल्या लोकांनी. दोन दिवसांनी ती शहरात शिरली आणि ८८ हजार माणसं बाहेर पडली.

आणि दिसली म्हणजे विझवायला गेले, असंही नसतं. येलोनाइफ ज्यात येतं त्या कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत वस्तीपासून दूरच्या आगी नुसत्या नजरेखाली ठेवतात, कारण तिथे ते जंगल जळून पुन्हा उगवणं हेच त्याचं रहाटगाडगं आहे. रशियाने तर २०१५पासून दुर्गम भागांना 'नियंत्रण क्षेत्रं' म्हणून आगी न विझवण्याची अधिकृत मुभाच दिली. सायबेरियाच्या याकुतिया भागातल्या अशा आगींचा धूर ऑगस्ट २०२१मध्ये उत्तर ध्रुवावर पोचलेला मोडिसच्या चित्रात दिसला होता.

जिथे आग नाही तिथे ठिपका पडतो, त्याचीही एक गोष्ट सांगतो. इथे आल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी रात्रीच्या ठिपक्यांवरून एका मोठ्या आगीची सीमारेषा आखली आणि मोठ्या आत्मविश्वासाने पुढे पाठवली. सकाळी हेलिकॉप्टरमधून गेलेल्या माणसाचा निरोप आला: तुझी रेषा आहे तिथे हिरवं जंगल उभं आहे, आग दोन किलोमीटर मागे. झालं होतं असं, की आगीवरचा तापलेला धुराचा खांब उंच जाऊन वाऱ्याने कलला होता. उपग्रहाने तिरपं बघताना तो खांबच पकडला आणि जमिनीवर पुढे टाकला. तेव्हापासून रात्रीच्या, पट्ट्याच्या कडेच्या ठिपक्यांवरून मी रेषा ओढत नाही. अल्बर्टात दुसरी गंमत असते. रोज रात्री त्याच जागी, हिवाळ्यातसुद्धा, एक प्रामाणिक ठिपका उमटतो. ती तेलक्षेत्रातली वायू जाळणारी चिमणी. जुन्या नोंदींच्या संग्रहात अशा कायमच्या उष्ण जागांना वेगळा क्रमांक दिलेला असतो, ताज्या नकाशात तो नसतो.

सीमारेषा नीट आखायची तर ठिपके सोडून दुसऱ्या चित्रांकडे जावं लागतं. युरोपच्या सेंटिनेल-२ची चित्रं दहा-वीस मीटरची असतात आणि ह्या अक्षांशावर दोन-तीन दिवसांनी मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची तीस मीटरची. त्यातली २.२ मायक्रॉनची पट्टी लाल रंगात लावली की धुराच्या पडद्याआडूनही आगीची जळती कड धाग्यासारखी दिसते. आग गेल्यावर हीच पट्टी जळालेली जमीन दाखवते. जिवंत पान जवळच्या अवरक्तात चमकतं आणि २.२ला काळवंडतं, कोळशाचं उलट. दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागायचं, आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतून आलेला आकडा वजा करायचा, की किती जळलं ह्याचा नकाशा तयार.

ह्याने किती फरक पडतो ते २०२३मध्येच दिसलं. हंगाम चालू असताना कॅनडातलं जळालेलं क्षेत्र १ कोटी ८० लाख हेक्टरच्या वर सांगितलं जात होतं. नंतर उपग्रहचित्रांवरून बारकाईने मोजल्यावर ते दीड कोटीच्या आसपास आलं. तरीही ते अर्ध्या महाराष्ट्राएवढं! मोठ्या वणव्याच्या परिघात न जळालेली बेटं, दलदली, तळी कितीतरी असतात, आणि नुसती बाहेरची रेघ धरली की तीही जळालेल्यात जमा होतात. मात्र ह्या पद्धतीलाही आंधळी जागा आहे. ती झाडाचे शेंडे किती जळले ते छान सांगते, पायाखालचा पीटचा थर किती सेंटिमीटर गेला ते धड सांगत नाही. बोरियल जंगलाचा बहुतेक कार्बन त्या थरातच आहे. तो मोजायला आजही माणूस पट्टी घेऊन जातो. जुन्या काळ्या स्प्रूसच्या खोडाला फुटलेली मुळं पूर्वी शेवाळात गाडलेली असतात, ती आता हवेत किती वर लोंबतायत, त्यावरून थर किती गेला ते कळतं.

येलोनाइफच्या लोकांना १६ ऑगस्टला निघायचा आदेश मिळाला आणि ६ सप्टेंबरला परतायची मुभा. जवळजवळ वीस हजार माणसं बाहेर होती. मधल्या तीन आठवड्यांत तुम्ही नकाशावर जे बघितलंत त्यात ढग होते, फेऱ्यांच्या वेळा होत्या, तळ्यांवरचं ऊन होतं, आणि हो, आगही होती. पुन्हा अशी वेळ आली तर एकेका दिवसाचे ठिपके सोडा, दोन-तीन दिवसांचे एकत्र लावा. रात्रीच्या फेऱ्या वेगळ्या काढा, कारण त्यांत उन्हाची फसगत नसते. आणि शेजारी ढगांचं चित्र उघडून ठेवा. मुलाने निघायचं की थांबायचं हे मात्र तिथल्या प्रशासनाच्या सूचनेवरूनच. त्यांच्याकडे विमानातून घेतलेली, काही मीटरपर्यंत अचूक अवरक्त चित्रं असतात.

राहिला बर्फाचा प्रश्न. नाही, सगळं विझत नाही. फोर्ट मॅकमरीची आग जुलै २०१६मध्ये आटोक्यात आली, पण पूर्ण विझल्याचं जाहीर झालं ते ऑगस्ट २०१७मध्ये. पीटमध्ये खोल गेलेला निखारा बर्फाच्या दुलईखाली हिवाळाभर धुमसत राहतो. वरचा बर्फ उलट त्याची ऊब राखतो. २०२३-२४च्या हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात अशा कितीतरी आगी नोंदवहीत जिवंतच होत्या. अलास्का आणि कॅनडाच्या वायव्य प्रदेशांतल्या २००२ ते २०१८च्या नोंदी तपासल्यावर एकूण जळालेल्या क्षेत्रात ह्यांचा वाटा एका टक्क्याहून कमी निघाला, पण एका वर्षी तो ३८ टक्क्यांपर्यंत गेला होता. त्या शोधण्याची युक्ती साधी आहे आणि तुम्हीही करू शकता. बर्फ वितळल्यावर, विजांचा मोसम सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात नकाशा उघडा आणि गेल्या वर्षीच्या जळालेल्या क्षेत्राच्या कडेला ठिपका पडलाय का बघा. वीज नाही, जवळ रस्ता नाही, वस्ती नाही, आणि तरी जुन्या जखमेच्या काठावर ठिपका आहे, तर बहुधा ती गेल्या वर्षीचीच आग आहे.